खानदेशी भरीत आणि आपला दस्तरखान

डिसेंबरच्या सुटीत धुळ्याहून जळगावला जाण्याचा आमचा दरवर्षीचा परिपाठ आहे. अंतर जेमतेम नव्वद किलोमीटर. पारोळा, एरंडोल मागे टाकून बांभोरीजवळ गिरणा ओलांडली की जळगाव आलेच. वाटेत दोन्ही बाजूंना कपाशीची शेते दिसतात. वेचणी आटोपत आलेली असते आणि वाळलेल्या काड्या तेवढ्या उभ्या असतात. याच पऱ्हाट्यांच्या जाळावर खानदेशातले हिवाळ्याचे सर्वांत मानाचे जेवण तयार होते, ते म्हणजे वांग्याचे भरीत.

भरताचे वांगे आपल्या नेहमीच्या काटेरी जांभळ्या वांग्यासारखे नसते. ते आकाराने मोठे, रंगाने हिरवट, अंगावर पांढुरक्या रेषा असलेले. आत गर भरपूर आणि बिया कमी. जळगावच्या या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्यातही आसोद्याच्या वांग्याचे नाव मोठे. कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे माहेर म्हणून शाळेत आपण ज्या आसोद्याचे नाव शिकवतो, तेच हे जळगावजवळचे गाव. शेतातून निघालेले हे वांगे बाजारात येते तेव्हा तागडी धरणारा हात पुष्कळदा बागवान बिरादरीचा असतो. पूर्वी याच शेतांतला कापूस पिंजणारे हातही आपल्या पिंजारी भावांचे होते. तरीही आपल्या घरांत भरीत हे ‘घरच्यांपुरते’ जेवण राहिले. मेहमान आले की ते ओट्यावर मागे सरकते आणि गोश्तची पातेली पुढे येते.

यंदा आसोद्याच्या शिवारात एका सहकारी शिक्षकांनी आम्हाला भरीत पार्टीला बोलावले होते. शेताच्या बांधावर पऱ्हाट्यांचा जाळ केला आणि त्यात अख्खी वांगी टाकली. साल काळी पडून तडकेपर्यंत ती उलटसुलट फिरवली. मग साल सोलून गर लाकडाच्या खोलगट भांड्यात मुसळाने कुटला. त्यात भाजलेल्या हिरव्या मिरच्या आणि लसूण ठेचून घातले. कढईत तेल सढळ हाताने तापवून त्यात शेंगदाणे, सुक्या खोबऱ्याचे काप आणि कांद्याची पात परतली व ती फोडणी गरावर ओतली. वरून कोथिंबीर. सोबत कळण्याची भाकरी, कच्चा कांदा आणि मुळा. यजमानांच्या आई प्रत्येकाच्या ताटाशी येऊन म्हणत होत्या, “गुरुजी, लाजू नका, अजून अर्धी घ्या.”

हे जेवण पोटाला धरून राहते, याला कारण आहे. कळण्याच्या पिठात ज्वारीबरोबर सालासकट काळे उडीद दळलेले असतात. आमच्या घरी चार वाट्या ज्वारीला एक वाटी उडीद असे माप आहे. उडीद आणि शेंगदाणे यांतून प्रथिने मिळतात, भाकरी ताकद देते आणि तेल-खोबऱ्याने तृप्ती येते. म्हणून सकाळी भरीत-भाकरी खाऊन शेतात गेलेला माणूस दुपारपर्यंत भुकेचे नाव काढत नाही.

त्या शेतात आणखी एक गोष्ट आमच्या ध्यानात आली. एरवी बिगरमुस्लिम मित्राकडे जेवायला गेलो की दोन्ही बाजूंना थोडा संकोच असतो. यजमानाला वाटते, यांना काय चालेल? आपल्याला वाटते, विचारावे कसे? आपल्याकडे ते आले तर भांड्यांपासून प्रश्न सुरू होतो. भरताच्या पंगतीत कोणी कोणाला काही विचारले नाही. शाकाहारी लेवा पाटील कुटुंब, आम्ही आणि यावलकडून आलेले एक तडवी शिक्षक, सगळे एकाच जाळाभोवती बसून जेवलो.

घरच्या दावतीचा प्रश्न मात्र अधिक नाजूक आहे. गेल्या हिवाळ्यात आमच्या भाचीच्या रिश्त्यासाठी बुऱ्हाणपूरहून पाहुणे यायचे होते. तिच्या अब्बांचा छोटा धंदा, आधीच हातउसने घेतलेले. आम्ही सुचवले की हंगाम आहे, भरीत करू. बडी अम्मींनी कपाळाला हात लावला. “समधियांसमोर वांगं ठेवायचं? लोक काय म्हणतील?” हा प्रश्न खोटा नाही. मुलीच्या घरची इज्जत त्या पातेलीत मोजली जाते, म्हणून तर माणसे कर्ज काढून दावत करतात.

सहीह बुखारीत ह. अनस (रजि.) यांची रिवायत आहे. एका शिंप्याने पैगंबर मुहम्मद (स.) यांना जेवायला बोलावले. भाकरी होती आणि रश्श्यात दुधी व सुकवलेले मांस होते. पैगंबर (स.) ताटाच्या कडेकडेने दुधीच्या फोडी शोधून खात होते. तेव्हापासून ह. अनस यांनाही दुधी आवडू लागला. ही रिवायत आम्ही बडी अम्मींना आठवण करून दिली. त्या गप्प झाल्या, राजी झाल्या नाहीत. अखेर भरीत, कळण्याची भाकरी, पाटोडीचा रस्सा आणि खीर असा दस्तरखान लागला. समधींनी दुसऱ्यांदा भरीत मागून घेतले आणि निघताना कळण्याचे पीठ बांधून नेले. बडी अम्मी अजूनही म्हणतात, एक वाटी सालन असायला हवे होते. रिश्ता ठरला आणि उधारी वाढली नाही, एवढे आम्ही जाणतो.

वांगे आपल्या दस्तरखानाला परके नाही. भारतातून ते इराणात व अरबस्तानात गेले आणि ‘बादिंजान’ झाले. अब्बासी खलीफा मामून यांच्या पत्नी बूरान यांच्या नावावरून ‘बूरानिय्या’ हा वांग्याचा प्रकार प्रसिद्ध झाला. अफगाणी घरांतली ‘बोरानी’ त्याच नावाची. इकडे खानदेशात १३८२ साली मलिक राजांनी थाळनेरला फारुकी गादी स्थापली. ती १६०१ पर्यंत टिकली. थाळनेरचे मकबरे धुळे जिल्ह्यात आजही उभे आहेत. या मातीशी आपले नाते इतके जुने आहे. तिची भाजी मेहमानांपुढे ठेवण्यात कमीपणा कसला?

घरी पऱ्हाट्या नसतील तर वांग्याला तेलाचा हात लावा, टोचे मारा आणि गॅसवर मंद आचेवर भाजा. कुटून झाल्यावर मधोमध वाटीत निखारा ठेवून त्यावर चमचाभर तूप सोडा आणि झाकण घाला. हा धुंगार आपल्या घरांना शिकवावा लागत नाही. हरभऱ्याचा कोवळा पाला मिळाला तर कांद्याची पात व शेंगदाणे घालून कच्चा घोळाणा करा. उन्हाळ्यात भाज्या रोडावतात तेव्हा मुगवड्यांची रस्सा भाजी आणि शेवभाजी आहेच.

भरताचा हंगाम फार लांब नसतो. या दिवसांत घरी कोणाला बोलवायचे असेल तर निरोपातच मोकळेपणाने सांगा, “भरीत केले आहे, जरूर या.”