उंच दाढ

निवृत्त मास्तराला दोनच गोष्टींचं भय: पेन्शनच्या कचेरीचं आणि जुन्या विद्यार्थ्याच्या हाती सापडण्याचं. धाराशिवातले आमचे दातांचे डॉक्टर आहेत, त्यांच्या कंपाउंडरला मी नववीला शास्त्र शिकवलं होतं. शिकवलं म्हणजे काय, तर प्रयोगशाळेत तो जे जे उचलील ते ते खाली ठेवायला लावलं. ‘विचारल्याशिवाय हात लावायचा नाही’ हे वाक्य त्यानं जितक्या वेळा ऐकलं, तितक्या वेळा न्यूटनचं नावही ऐकलं नसेल.

परवा डाव्या दाढेत सिमेंट भरलं. कोरलं डॉक्टरांनी, भुकटी आणि पातळ औषध कागदाच्या पॅडवर घोटून दिलं कंपाउंडरनं, भरलं पुन्हा डॉक्टरांनी. मग दातांत निळा कागद धरून म्हणाले, “चावा.” इंजेक्शननं अर्धा जबडा परक्याचा झालेला. मी काय चावलं, देव जाणे! बधिरपणा उतरला आणि रात्री भाकरीचा पहिला घास घेतला, तर बाकीच्या दातांच्या आधी तीच दाढ हजर. मास्तरांचा प्रश्न संपायच्या आत एखादं पोरगं हात वर करतं ना, तशी. उंची केसाएवढी, पण कळ थेट कानात.

सकाळी गेलो तर डॉक्टर दोन दिवस गावाला. कंपाउंडरनं आरसा घालून पाहिलं.

“सर, मागचा कोपरा उंच राहिलाय. दोन मिनिटांचं काम आहे.”

“मग कर की, बाबा!”

“नाही सर. आपल्याला परवानगी नाही.”

परवानगी खरंच नाही. १९४८ च्या कायद्यानं डेंटल हायजिनिस्टला दात खरवडून, साफ करून चकचकीत करण्याची मुभा दिली, भरण्याची नाही. आणि हा तर तोही नव्हे. तिकडे न्यूझीलंडनं १९२१ पासून मुलींना दोन वर्षं शिकवून शाळकरी पोरांचे दात भरायला लावले. (पोरं त्या दवाखान्याला ‘खुनाचं घर’ म्हणत, पण पोरं आमच्या शाळेलाही काय काय म्हणत.) अमेरिकेत काही राज्यांत डॉक्टर कोरून देतो आणि शिकलेली मदतनीस भरून, घासून दात पुरा करते. माझी दाढ मात्र धाराशिवात होती.

“अरे, पण तुला येतं का?”

त्यानं कपाटातून प्लास्टरचा ठोकळा काढला. त्यात उपटलेले दात ओळीनं रोवलेले. डेंटल कॉलेजात पोरं असल्याच ठोकळ्यांवर हात बसवतात. भरणं कळलं की घोटणं सुधारतं, म्हणून डॉक्टर दुपारी त्याच्याकडून हे भरून घेत. मी एकेका दातावरून बोट फिरवलं. कुठं खाच नाही, कुठं उंचवटा नाही.

“ही तिसरी फारच झकास जमलीय.”

“ती तुमचीच, सर,” तो लाजून म्हणाला. “गेल्या वर्षी काढलेली.”

दोन दिवस मी दुधात कुस्करलेली भाकरी उजवीकडून खाल्ली.