आटे जुळवण्याचा खर्च

मराठी साहित्य शिकवणाऱ्यांनी डिझेलच्या फिल्टरविषयी लिहावे, हे रीतीला धरून नाही. आम्हा दोघांचा यंत्रांशी आलेला संबंध एक स्कूटर, एक मिक्सर आणि महाविद्यालयातील सदैव बिघडलेला प्रोजेक्टर एवढ्यापुरताच आहे. तरीही मुठीत मावेल एवढा, दोन्ही टोकांना आटे पाडलेला अ‍ॅल्युमिनियमचा एक तुकडा गेली काही वर्षे आमच्या बोलण्यात पुन्हा पुन्हा येतो. त्याला अ‍ॅडॅप्टर म्हणतात आणि त्याची किंमत होती ८५ डॉलर. या किमतीवरून आमच्या घरात जे बोलणे झाले आणि जे झाले नाही, त्याविषयी लिहावेसे वाटते.

दादा आमच्यापैकी एकाचे थोरले बंधू, दुसरीचे थोरले दीर; हाक मात्र दोघांचीही एकच. कोल्हापूरच्या उद्यमनगरात अण्णांच्या लेथवर ते वाढले, अभियंता झाले आणि अमेरिकेतील इंडियाना राज्यात स्थिरावले. २०११ मध्ये त्यांनी आणि वहिनींनी एक जुने मोटारहोम घेतले. झोपायची जागा, शेगडी, न्हाणीघर असे सगळे पोटात घेऊन चालणारे घरच ते. दर उन्हाळ्यात त्यातून दोघे हिंडत. २०२० च्या हिवाळ्यात वहिनी गेल्या आणि गाडी अंगणात ताडपत्रीखाली उभी राहिली. आम्ही २०२३ च्या सुट्टीत तिकडे गेलो, तेव्हा ती तशीच उभी होती. पुतण्याचे म्हणणे, विकून टाकावी. खरे सांगायचे तर आमचेही तेच म्हणणे होते. दादांचे म्हणणे असे, की आधी ती सुरू तर होऊ द्या.

ती सुरू का होत नव्हती, हे समजून घेताना आम्हाला या गाड्यांची जात कळली. मोटारहोम ही बहुधा एका घरची लेक नसते. खालचा सांगाडा, म्हणजे चासी, इंजिन आणि चाके एका कारखान्यातून येतात. वरचे घर दुसराच कारखाना बांधतो. इंडियानातील एल्कहार्ट हे गाव अशा घरबांधणीसाठीच प्रसिद्ध आहे. दोन कारखान्यांचे आयुष्य सारखे असेलच असे नाही. वर्कहॉर्स या नावाच्या चासी एके काळी तिकडे पुष्कळ दिसत. जनरल मोटर्सच्या जुन्या चासी-व्यवसायातून ती कंपनी उभी राहिली, २००५ मध्ये नॅव्हिस्टारकडे गेली आणि २०१२ मध्ये त्या चासींचे उत्पादन थांबले. घर उभे राहते, पण पायाचे सुटे भाग दुर्मिळ होत जातात. दादांची गाडी निराळ्या बनावटीची. तिची गत मात्र हीच. तिचा मूळ फिल्टर मागवला तर दीड महिना थांबायचे आणि एकेका फिल्टरला ९० डॉलर मोजायचे.

फिल्टर ही एवढी मोलाची वस्तू का, असे आम्ही भाबडेपणाने विचारले. दादांनी स्वयंपाकघरातील ओट्यावर कागद पसरून शिकवणी घेतली. आधुनिक डिझेल इंजिनात इंधन ज्या दाबाने फवारले जाते, तो मोटारीच्या चाकातील हवेच्या दाबाच्या शेकडो पट असतो. फवारणाऱ्या इंजेक्टरची छिद्रे केसाएवढी. त्यांच्या आतील फटी त्याहून कितीतरी बारीक. म्हणून फिल्टरची मोजदाद मायक्रॉनमध्ये, मिलिमीटरच्या हजाराव्या भागात. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉनचा. चांगला फिल्टर दोन ते दहा मायक्रॉनचे कण अडवतो. त्यात पाण्याचे भय निराळे. गाडी उभी राहिली की टाकीतील दमट हवेचे पाणी होते, ते डिझेलहून जड असल्याने तळाशी बसते आणि पाणी व डिझेल यांच्या सीमेवर सूक्ष्म जीव वाढू लागतात. तीन वर्षे स्वस्थ उभे राहिल्याने गाडी झिजत नाही, ही आमची समजूत चुकीची होती. उभे राहण्याचाही एक गाळ असतो.

यावर तिकडच्या लोकांनी शोधलेला उपाय म्हणजे हा अ‍ॅडॅप्टर. त्याचे एक टोक गाडीच्या मूळ बैठकीत फिरवून बसते. दुसऱ्या टोकावर कोणत्याही मालट्रकला लागणारा, कुठेही मिळणारा २० डॉलरचा फिल्टर चढतो. हा मूळ कंपनीचा नव्हे, पण नकलीही नव्हे. आपल्याकडे गॅरेजात ‘कंपनीचा’ आणि ‘डुप्लिकेट’ असे दोनच वर्ग ऐकू येतात. हा तिसराच: ज्यांनी गाडी बनवली त्यांनी हात काढून घेतल्यावर, ज्यांना ती चालवायची आहे त्यांच्यासाठी कोणी तरी घडवलेला.

हिशेब सरळ होता. अ‍ॅडॅप्टर ८५, दोन फिल्टर ४०, टपालखर्च वेगळा. दुसऱ्या बाजूला, गाळ इंजेक्टरपर्यंत पोहोचला तर आठ इंजेक्टर बदलण्याचे काही हजार डॉलर. तरीही आठवडाभर दादा मागणी नोंदवीनात. “एवढ्या धातूची किंमत पाच डॉलरसुद्धा नाही,” ते म्हणत. “अण्णांनी दुपारच्यात पाडून दिला असता की.”

अण्णांनी खरोखरच दिला असता. पण आटे पाडणे ही काय गोष्ट आहे, तेही दादांनीच आम्हाला सांगितले. १८४१ मध्ये जोसेफ व्हिटवर्थ याने इंग्लंडात स्क्रूच्या आट्यांचे प्रमाण सुचवले. त्याच्या आट्यांचा कोन ५५ अंशांचा. १८६४ मध्ये फिलाडेल्फियात विल्यम सेलर्स याने अमेरिकेसाठी दुसरे प्रमाण मांडले; त्याचा कोन ६० अंशांचा. दोन्ही देश एकच भाषा बोलत, पण एकाचा नट दुसऱ्याच्या बोल्टवर धड बसत नसे. दुसऱ्या महायुद्धात याची झळ पोहोचली, तेव्हा कुठे १९४८ मध्ये ब्रिटन, अमेरिका आणि कॅनडा यांनी एक सामाईक प्रमाण मान्य केले. नळाच्या आट्यांत तो भेद आजही आहे. आपल्याकडचे नळ ब्रिटिश प्रमाणाचे, तिकडचे अमेरिकी. अर्ध्या इंची नळाला दोन्हीकडे इंचाला चौदाच आटे. फरक प्रामुख्याने कोनाचा. “म्हणून कोल्हापूरचा नळ इथं पहिले दोन-तीन आटे छान बसतो,” दादा म्हणाले, “मग अडतो. जोर लावला तर आटे जातात, नाही लावला तर गळतो.” एवढे बोलून ते चहा ठेवायला उठले. आम्ही दोघे एकमेकांकडे पाहत राहिलो.

किमतीविषयीचा आमचा युक्तिवाद मात्र आमच्या धंद्यातून आला. हजार प्रतींची आवृत्ती निघालेल्या मराठी समीक्षाग्रंथाची किंमत पाहून विद्यार्थी म्हणतात, कागद तर एवढाच आहे. आम्ही त्यांना सांगतो, की कागदाची किंमत नसते. संपादन, मुद्रितशोधन, जुळणी यांचा खर्च हजार जणांत वाटला गेलेला असतो, लाखांत नव्हे. हे दादांना सांगितले तेव्हा ते हसले. बंद पडलेल्या चासीसाठी कोणी तरी मापे घेतली, चार नमुने कापून फेकून दिले, पाचवा बरोबर आला. ग्राहक मात्र मूठभर. ८५ डॉलर त्या फेकलेल्या चारांचेही होते. हे अभियंत्याला आम्ही सांगावे असे नव्हतेच. त्यांना ते ठाऊक होते. रात्री त्यांनी मागणी नोंदवली.

चार दिवसांनी पार्सल आले. दादांनी जुना फिल्टर उतरवला, नवा चढवला, हातपंपाने इंधन भरले आणि किल्ली फिरवली. इंजिन धडधडले. दहा मिनिटांनी बंद पडले. पुन्हा सुरू, पुन्हा बंद. खाली एक थेंबही सांडलेला नव्हता. गळती नाही, मग दोष काय, असे आम्ही म्हणालो. त्यावर दादांनी जे सांगितले ते आम्हाला विसरता येत नाही. या गाडीत फिल्टर पंपाच्या ओढीच्या बाजूला आहे. तेथे जोड सैल असला तर इंधन बाहेर येत नाही, हवा आत जाते. बाहेरून सगळे कोरडे, स्वच्छ. आत दाब धरत नाही.

दोष दुसऱ्या दिवशी सापडला. जुन्या फिल्टरची रबरी रिंग बैठकीला चिकटून मागे राहिली होती आणि नवी रिंग तिच्यावर बसली होती. अनुभवी मिस्त्रीसुद्धा कधी तरी ही चूक करतात, असे म्हणतात. दादांसारखा काटेकोर माणूस ती करील, असे मात्र वाटले नव्हते. जुना फिल्टर २०१९ मध्ये वहिनींनी बॅटरी हातात धरून उजेड दाखवला तेव्हा बसवलेला होता, एवढेच ते बोलले. मग नखाने ती काळी रिंग अलगद सोडवली, बैठक फडक्याने पुसली आणि अ‍ॅडॅप्टर पुन्हा चढवला. या वेळी बॅटरी आम्ही धरली होती.

गाडी सुरू झाली आणि सुरू राहिली. त्या आठवड्यात आम्ही तिघे मिशिगन सरोवराकाठच्या इंडियाना ड्यून्सला जाऊन आलो. दादा मोजकेच बोलले. रात्री वाळूवर बसलो असता म्हणाले, “विकायचीच आहे रे. पण बंद पडलेली विकायची नव्हती.”

आम्ही शरमलो. आठवडाभर आम्ही त्यांना समजूत घालण्याच्या सुरात समजावत होतो, जणू त्यांना तिच्यातून बाहेर पडायचेच नव्हते. त्यांचा हिशेब आमच्याहून नेमका होता. आम्ही गाडीच्या किमतीशी अ‍ॅडॅप्टरची तुलना करीत होतो. ते ती कोणत्या अवस्थेत हातातून सोडायची, याची किंमत काढीत होते.

परतल्यावर वर्गात जुन्या आवृत्तीतले गद्य वाचायला दिले. १९६२ च्या नियमांनी उच्चारात नसलेले अनुस्वार काढून टाकले. त्याआधीचे पान हाती आले, की मुले दोन ओळी नीट वाचतात आणि मग अडतात. पहिले दोन आटे बसतात, तसेच. पूर्वी आम्ही म्हणत असू, की मुलांना वाचनाची सवय नाही. त्या दिवशी आम्ही तास बाजूला ठेवून त्या पानाच्या टिपा लिहिल्या आणि वाटल्या. त्यासाठी तीन रात्री गेल्या. टिपांचा कागद तर एवढाच होता.

गाडी २०२४ च्या वसंतात एका निवृत्त जोडप्याने घेतली. दादांनी सोबत एक जादा फिल्टर दिला आणि अ‍ॅडॅप्टरच्या बाजूला स्वच्छ अक्षरात चिठ्ठी चिकटवली: नवा फिल्टर चढवण्यापूर्वी जुनी रिंग निघाली आहे ना, हे बोट फिरवून पाहावे.