अर्थ मिळत नाही

जुन्या मोटारगाडीविषयी लिहिणारे बहुधा तिच्या इंजिनाविषयी, तिच्या घाटदार अंगाविषयी आणि तिच्यासोबत सरलेल्या काळाविषयी लिहितात. वायपरविषयी सहसा कोणी लिहीत नाही. आपल्याकडे वर्षातले आठ महिने तो काचेच्या पायथ्याशी निजून असतो. उरलेल्या चार महिन्यांत मात्र गाडीतल्या माणसांचा जीव त्या दोन रबरी पात्यांवर अवलंबून असतो. पाहणाऱ्याच्या अडचणीतून हे साधन जन्मले, हेही आपण विसरलेलो असतो. न्यूयॉर्कच्या हिवाळ्यात ट्रामचालकाला समोरचे दिसत नाही, हे अलाबामाहून आलेल्या मेरी अँडरसन या बाईंनी पाहिले आणि १९०३ साली त्यांना हाताने फिरवायच्या वायपरचे पेटंट मिळाले. त्यातून त्यांना काही धनलाभ झाला नाही. पेटंटाची मुदत संपल्यावर ती वस्तू जगभर झाली. असो.

आमच्याकडची गाडी आहे १९८७ सालची प्रीमियर पद्मिनी. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ला येथील कारखान्यात ती तयार झाली. फियाट ११०० डिलाइट ही तिची पूर्वज. मुंबईत काळ्यापिवळ्या टॅक्सीच्या रूपाने ही गाडी घराघराला ठाऊक होती. ऑक्टोबर २०२३ मध्ये तिथली शेवटची पद्मिनी टॅक्सी निवृत्त झाली. आमची गाडी नानांनी, म्हणजे आमच्यापैकी एकाच्या वडिलांनी व दुसरीच्या सासऱ्यांनी, माध्यमिक शिक्षकाच्या पगारातून नंबर लावून, वाट पाहून घेतली. आम्ही दोघेही महाविद्यालयात मराठी शिकवतो. गाडीच्या पोटात काय असते याच्याशी आमचा संबंध इंधन भरण्यापुरताच होता.

नाना आता ऐंशीच्या उंबरठ्यावर आहेत आणि त्यांनी गाडी चालवणे सोडले आहे. दर आषाढात चिपळूणला थोरल्या बहिणीकडे जायचे आणि ते याच गाडीने, हा नेम मात्र त्यांनी सोडलेला नाही. कऱ्हाडहून चिपळूणला जायचे म्हणजे कुंभार्ली घाट उतरायचा. कोयनानगरच्या पुढे पाऊस कोसळत असतो आणि धुके थेट रस्त्यावर उतरलेले असते. अशा घाटात वायपर थांबला, तर पुढचे वळण केवळ अंदाजाने घ्यावे लागते.

गेल्या वर्षी जूनच्या पहिल्या पावसात तो थांबू लागला. पूर्णपणे नव्हे, पूर्णपणे बंद पडणारी वस्तू एका अर्थी प्रामाणिक असते. हा चार फेऱ्या नीट करी, पाचवीला अर्ध्या काचेवर अडे, मग काही क्षणांनी आपणहून पुढे जाई. हेडलाइट लावले की तो आणखी मंद होई. घरात आणि स्टाफरूममध्ये सल्ल्यांना तोटा नव्हता. एकाने मोटार बदलायला सांगितले, दुसऱ्याने गाडीच बदलायला. तिसऱ्याने काचेवर तंबाखू चोळण्याचा ट्रकवाल्यांचा जुना उपाय सांगितला. त्याने पाण्याचे थेंब न राहता पातळ पडदा होतो आणि थोडेफार दिसते म्हणे. पुण्याहून नणंदेचा फोन आला: “नानांना नवीन गाडीतून न्या, आणि ही आता भंगारात द्या. २०२७ ला पुन्हा नोंदणी करायची, पुन्हा तपासणी, कशासाठी एवढं?” तिचे बोलणे चुकीचे नव्हते. नाना हे ऐकत होते. ते काही बोलले नाहीत. गाडीची किल्ली मात्र त्या दिवसापासून खुंटीवर न ठेवता सदऱ्याच्या खिशात ठेवू लागले.

मेस्त्री आले ते एका रविवारी सकाळी. पद्मिनीची कामे जाणणारे गावात आता थोडेच उरले आहेत; हे त्यांपैकी एक. त्यांच्या कामाची रीत आम्ही विद्यार्थ्यासारखी पाहिली, ती अशी. त्यांनी आल्याआल्या काहीही बदलले नाही. आधी फ्यूज काढून त्याच्या टोकांवरचा गंज पॉलिश पेपरने घासला. फ्यूज शाबूत असला तरी त्याला धरणारी पट्टी गंजली असेल तर करंट अडखळतो, असे ते म्हणाले. फरक पडला नाही. मग दोन्ही वायपर काचेपासून उचलून उभे केले आणि बटण दाबले. पाते कडक झाले असेल वा काच चिकट असेल, तर आता वेग वाढायला हवा. वाढला नाही. म्हणजे दोष काचेवर नाही.

मग त्यांनी आतली दांडी मोटारीपासून सोडवली. वायपर हलवणाऱ्या या दांड्यांचे सांधे कोरडे पडले, की मोटारीवर ओझे येते. ओझे उतरले की मोटार मोकळी पळायला हवी. आमची मोटार मात्र ओझे उतरताच पूर्ण थांबली. आम्हाला वाटले, संपले, मोटार जळाली. मेस्त्रींच्या चेहऱ्यावर मात्र पहिल्यांदाच हसू आले. त्यांनी टेस्ट लॅम्पचे एक टोक बॅटरीच्या धन टोकाला लावले आणि दुसरे मोटारीच्या धातूच्या अंगाला टेकवले. दिवा लागला नाही. “सर, मोटार गेलेली न्हाई,” ते म्हणाले, “तिला अर्थ मिळंना.”

आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिले. वीस वर्षे आम्ही हाच शब्द फळ्यावर लिहीत आलो आहोत.

मेस्त्रींचा ‘अर्थ’ इंग्रजीतून आला. संस्कृतातल्या अर्थाशी त्याचे नाते नाही, केवळ नादाचे साम्य आहे. त्याची गोष्ट सोपी आहे. गाडीत बॅटरीकडून प्रत्येक उपकरणाकडे तार जाते, पण परतीची तार नसते. गाडीचा पत्राच परतीची वाट असतो. या मोटारीचा आवाज आत येऊ नये म्हणून ती रबराच्या गाद्यांवर बसवलेली असते. रबर वीज वाहून नेत नाही, म्हणून मोटारीच्या अंगापासून पत्र्यापर्यंत एक वेगळी पट्टी जोडतात. दोन वर्षांपूर्वी गाडीला नवा रंग दिला, तेव्हा त्या पट्टीच्या टोकाखालचा पत्राही सुंदर रंगला. परतीची वाट रंगाखाली गेली. तेव्हापासून वीज मोटारीच्या दांड्यातून, सांध्यांतून, वायपरच्या खुंटांतून कशीबशी पत्र्यापर्यंत पोहोचत होती. सांधा हलला की वाट जुळे, पुन्हा हलला की तुटे. दांडी सोडवताच ती आडवाटही बंद झाली, म्हणून मोटार थांबली.

आमच्यासारख्यांना इथे काव्यशास्त्र आठवणे अटळ होते. मुख्यार्थाला बाध आला की लक्षणा प्रवृत्त होते, हे आम्ही दर वर्षी शिकवतो. गंगेवर गवळीवाडा आहे असे म्हटले, तर प्रवाहावर घरे असू शकत नाहीत, म्हणून आपण तीर समजून घेतो. सरळ वाट अडली म्हणून बाजूची, पण तिच्याशी संबंध असलेली वाट. मोटारीतल्या विजेने तेच केले होते. साम्य इथवर येते आणि थांबते, आणि जिथे ते थांबते तिथेच आम्हाला काही शिकण्यासारखे वाटले. कवितेत आडवाटेने आलेला अर्थ ही कमाई असते. तीराऐवजी गंगा म्हटल्याने त्या वस्तीला शीतलता आणि पावित्र्य लाभते. मोटारीत आडवाटेने मिळालेला अर्थ हा धोका असतो, कारण तो वाळलेल्या अंगणात मिळतो आणि घाटात मिळत नाही.

मेस्त्रींनी पट्टीचा बोल्ट काढला, खालचा रंग चमकता पत्रा दिसेपर्यंत खरवडला, बोल्ट आवळला आणि वर थोडे ग्रीस लावले. सुटा भाग एकही लागला नाही. मजुरी दोनशे रुपये घेतली. पण त्यानंतर त्यांनी जे केले ते आम्हाला अधिक मोलाचे वाटते. हेडलाइट लावले, हॉर्न दाबला, काचेवर अर्धा तास नळीने पाणी सोडले आणि वायपर चालू ठेवून ते नानांशेजारी ओट्यावर चहा पीत बसले. निदान बरोबर ठरल्यावरही ते त्याला आणखी अडचणीत टाकून पाहत होते.

साहित्याच्या वर्गात हे आपण किती वेळा करतो? विद्यार्थी एखाद्या कवितेचा अर्थ सांगतो, आपण ‘असाही अर्थ लागू शकतो’ म्हणतो आणि पुढे जातो. अर्थाची बहुलता आम्हाला प्रिय आहे आणि राहील. पण बहुलता म्हणजे तपासणीतून सुटका नव्हे. मागच्या सीटवर ऐंशी वर्षांचा माणूस बसलेला असताना ‘कदाचित मोटार, कदाचित पाते’ असे म्हणून घाट उतरता येत नाही. यंदा द्वितीय वर्षाच्या वर्गात आम्ही एक लहानसा बदल केला आहे. कोणी कवितेचा अर्थ सांगितला, की आम्ही विचारतो: कोणती ओळ वगळली तर तुझा हा अर्थ थांबेल? पहिल्या आठवड्यात वर्ग गप्प होता. आता भांडणे होतात. एका मुलीने परवा स्वतःचाच लाडका अर्थ स्वतः मोडून दाखवला, कारण तो कवितेच्या ज्या ओळीवर उभा होता ती ओळ तिने कवितेच्या प्रस्तावनेतून उचललेली होती. रंग खरवडावा लागतो तो असा.

नणंदेला आम्ही सारे सविस्तर कळवले. भंगाराचा विषय तिने २०२७ पर्यंत पुढे ढकलला आहे, आणि तेव्हा गाडी तपासणीत उतरली नाही तर आम्हीही हट्ट करणार नाही, असे ठरले आहे. आषाढात कुंभार्ली घाट धुक्याने भरलेला होता. आम्ही गाडी सावकाश उतरवली. पाती न चुकता फिरत राहिली. नाना सारा घाट गप्प होते. चिपळूणला उतरताना त्यांनी खिशातून किल्लीची दुसरी जोडी काढली आणि न बोलता सुनेच्या हातावर ठेवली.