दोर, मडकं आणि राणी

सापडली! दोन वर्षं शोधत होते ती राणी मला आज झाशीत सापडली. किल्ल्याच्या पायथ्याशी बसून हे भराभर लिहितेय, कारण तळहात अजून चुरचुरताहेत.

माझ्या पहिल्या ऐतिहासिक कादंबरीसाठी वह्याच्या वह्या भरल्या होत्या. मार्च १८५८चा वेढा, ३ एप्रिलचा हल्ला, इंग्रज सेनानी ह्यू रोजचं सैन्य, कडक बिजली तोफ, सगळं जागच्या जागी. राणी मात्र चौकातल्या पुतळ्यासारखी, घोड्यावरून उतरायलाच तयार नाही!

मग हाती आला विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’. पेणजवळच्या वरसईचे हे भिक्षुक. घरावरचं कर्ज फिटावं म्हणून दक्षिणेच्या आशेनं १८५७ साली उत्तरेला निघाले आणि वेढ्यात थेट झाशीत अडकले. पुढे पंचवीसेक वर्षांनी त्यांनी हे सगळं लिहून काढलं. चिंतामणराव वैद्यांनी ते १९०७ साली संस्कार करून छापलं. मूळ मोडी हस्तलिखितावरून दत्तो वामन पोतदारांनी सिद्ध केलेली आवृत्ती आली १९६६ साली. दोन्ही शेजारी ठेवून वाचताना माझी झोपच उडाली!

आणि तो प्रसंग! झाशी पडल्यानंतर काल्पीच्या वाटेवर एका विहिरीपाशी तहानेली राणी भेटते. विष्णुभट पाणी काढून द्यायला पुढे होतात. पण विद्वान ब्राह्मणाला पाणी काढायला लावणं तिला रुचत नाही. ती स्वतः दोर ओढते आणि ओंजळीनं पाणी पिते.

आज सकाळी जुन्या शहरातल्या एका वाड्यात विहीर दिसली. तिथल्या आजींकडून दोर आणि मडकं मागून घेतलं. मडकं नुसतं सोडलं तर पाण्यावर तरंगतच राहतं. दोराला तिरका हिसका द्यायचा, मग ते कलंडतं, गुडगुडतं आणि एकदम जड होतं. ओढताना काठावर आपटू द्यायचं नाही. काथ्या तळव्यात रुततो. तलवार धरून सोलवटलेल्या हातांना तो कसा झोंबला असेल?

हे कुठल्याही तहनाम्यात मिळालं नसतं! सनावळीनं मला विहिरीपर्यंत आणलं. पाणी माझं मलाच ओढावं लागलं. आता कादंबरी तोफेऐवजी त्या दोरापासून सुरू होईल. पहिलं पान आजच रात्री लिहायचं, हाताची आग आहे तोवर.