गोबीचं वाळवंट आणि पंडरीचं ऊन

"वाळवंटातला प्राणी आहे ना, मग रायपूरचं ऊन त्याला काय करणार?" रोबोरोव्स्की हॅम्स्टर घ्यायला निघालेले लोक मला हमखास हे विचारतात. वाळवंट म्हटलं की आपल्याला राजस्थान आठवतं आणि घोटाळा तिथेच होतो. हा प्राणी गोबीतला. तिथल्या हिवाळ्यात पारा शून्याखाली चाळीसपर्यंत उतरू शकतो. उन्हाळ्यातही हा जीव दिवस काढतो जमिनीखालच्या गार बिळात आणि वर येतो तो अंधार पडल्यावर. भरदुपारचं ऊन त्याने सोसलेलंच नसतं. रायपूरच्या पंडरी भागात मे महिन्यात पारा ४४-४५ वर जातो, आणि काचेच्या पेटीत तर बीळही नसतं.

म्हणून कोणता हॅम्स्टर घ्यावा असं कोणी विचारलं की मी आधी घराबद्दल विचारतो. खोली कोणत्या दिशेची? वर गच्ची आहे का? दुपारी वीज गेली तर घरात कोण असतं? पंडरीच्या कपडा बाजारात माणसं रंगावर भाळून ठाण उलगडायला लावतात, तशीच प्राण्याच्या पेटीपुढेही रंगावरच अडतात. रंग शेवटी बघावा.

बुटक्या हॅम्स्टरांत तीन जाती मुख्य. रोबोरोव्स्की सगळ्यांत लहान, वीस-पंचवीस ग्रॅमचा, डोळ्यांवर पांढऱ्या भुवया, पाठीवर रेघ नाही. विंटर व्हाइट सायबेरिया आणि कझाकस्तानच्या गवताळ मुलखातला. १७७३ साली पलास या निसर्गशास्त्रज्ञाने त्याची शास्त्रीय नोंद केली. त्याच्या पाठीवरची रेघ रुंद आणि गडद असते. कॅम्पबेल मंगोलियाकडचा, रेघ बारीक, आणि लाल डोळ्यांचा बुटका हॅम्स्टर दिसला तर त्यात कॅम्पबेलचं रक्त असण्याचा संभव जास्त. चायनीज हॅम्स्टरलाही लोक यांच्यातच धरतात, पण तो वेगळ्या प्रजातीचा, लांबट अंगाचा, बोटाला शेपटी गुंडाळून चढणारा.

स्वभावाचा फरक मला रंगापेक्षा फार मोलाचा वाटतो. रोबोरोव्स्की हातात थांबत नाही. दहा वर्षांच्या मुलीला प्राणी कुरवाळायचा असेल तर तो तिच्यासाठी नाही. रात्री जेवणं उरकल्यावर शांत बसून त्याचं वाळूत लोळणं, बिया गालात भरणं, चाकावरची धाव बघणाऱ्याने तो पाळावा, आणि ते बघण्यात खरोखर मोठं सुख आहे. विंटर व्हाइट बहुधा हळूहळू हाताला येतो. कॅम्पबेल माणसाळतो, पण पेटीत अचानक हात घातला तर चावतो. हात घालण्याआधी त्याला जागा होऊ द्यावा, एवढं मुलांना शिकवलं तरी अर्धं काम झालं.

विंटर व्हाइट घेणाऱ्यांची एक अपेक्षा मात्र मला मोडावी लागते. थंडीत तो पांढरा होईल म्हणून ते वाट बघत बसतात. त्याच्या अंगाला खूण मिळते ती लहान होत जाणाऱ्या दिवसाची, आणि आपल्या घरात ट्यूबलाइट रात्री अकरापर्यंत चालू. त्याच्या लेखी डिसेंबर येतच नाही.

कॅम्पबेलला आणि त्याच्या संकराला मधुमेहाचा धोका असतो. दुकानातल्या पिल्लाचे आईबाप बहुधा ठाऊक नसतात, म्हणून मी कोणत्याच बुटक्या हॅम्स्टरला केळं, द्राक्ष, गूळ देऊ देत नाही. राळे, बाजरी, आणि छत्तीसगडात सहज मिळणारी कोदो-कुटकी द्यावी, जोडीला काकडीची चकती. आजी प्रेमाने खाऊ घालते, तिला दुखवू नये. तिच्या हातात काकडी द्यावी.

घेणाऱ्याला बहुधा जोडी हवी असते. नर-मादी असतील तर अठरा-वीस दिवसांत पिल्लं होतात आणि विण्यानंतर लगेच मादी पुन्हा गाभण राहू शकते. एकाच लिंगाचे दोन ठेवले तरी वयात आल्यावर जखमा होईपर्यंत भांडू शकतात. एकटा ठेवावा.

उन्हाळ्याचं तंत्र मात्र हाताने शिकावं लागतं. पेटी गच्चीखालच्या खोलीत नको, खिडकीच्या उन्हात नको, कूलरच्या थेट झोतातही नको. आत जाड भुशाचा थर द्यावा, एका बाजूला मातीचं लहान मडकं आडवं पुरावं, शेजारी सिरॅमिकची फरशी ठेवावी. वीज गेली तर बर्फाची बाटली फडक्यात गुंडाळून पेटीबाहेर एका अंगाला टेकवावी, म्हणजे गार की उबदार हे प्राणी स्वतः ठरवतो. पावसाळ्यात हवा दमट झाली की कूलरचा उपयोग सरतो आणि भुसा ओला राहतो, तेव्हा तो लवकर बदलावा. हॅम्स्टर निपचित पडून धापा टाकू लागला तर उष्माघात समजावा. थंड पाण्यात बुडवू नये, गार खोलीत नेऊन लगेच पशुवैद्याकडे धावावं.

पाळीव प्राण्यांच्या दुकानांसाठी केंद्राचे २०१८ चे नियम आहेत आणि त्यांत हॅम्स्टरचाही समावेश आहे. दुकानाची नोंदणी बघायला मागावी, पिल्लाचं वय विचारावं, शेपटीखाली ओलं असलेलं किंवा चिपडलेल्या डोळ्यांचं पिल्लू घेऊ नये.

बहुतेक आईवडील हा प्राणी शाळेला उन्हाळ्याची सुट्टी लागली की आणतात. रायपुरात त्याहून वाईट मुहूर्त नाही. नव्या जागेचा ताण आणि वर ही लाही. मला विचाराल तर मुलांच्या घरात विंटर व्हाइट, शांत मोठ्या माणसाकडे रोबोरोव्स्की, आणि दोन्हीही दिवाळीनंतर. ज्या घरात उन्हाळ्याच्या दुपारी एकही खोली तीस अंशांच्या खाली राहत नाही, त्या घराने यातली कोणतीच जात आणू नये.