'मिटिओरा' पुन्हा ऐकताना

काल रात्री लिंकिन पार्क या बँडचा 'मिटिओरा' हा अल्बम सलग ऐकला. जेमतेम ३६ मिनिटं. २००० सालच्या 'हायब्रिड थिअरी'नं कितीतरी पोरांच्या घुसमटीला आवाज दिला होता. मग २००३ मध्ये हा दुसरा अल्बम आला आणि मी लगेच शिक्का मारला: तेच ते. साचा खरंच तोच आहे. माइक शिनोडाचं रॅप, चेस्टर बेनिंग्टनची किंकाळी, मागे गिटारची भिंत.

पण 'ब्रेकिंग द हॅबिट'पाशी काल थबकले. तिथे किंकाळी नाही, रॅपही नाही. धावते ठोके, तंतुवाद्यं, आणि त्यावर चेस्टर नुसता गातो. इतका उघडा आवाज पहिल्या अल्बममध्ये कुठेच नव्हता! 'नोबडीज लिसनिंग'मधली जपानी शाकुहाची बासरीही तेव्हा माझ्या कानांवरून वाहून गेली होती. पहिला अल्बम मनात वर्षानुवर्षं साचलेला असतो. दुसऱ्याची गाणी बँडनं दौऱ्यांच्या धबडग्यातच लिहायला घेतली. मी मात्र दोन्हींना एकच माप लावलं. ते चुकलंच.

२०१७ मध्ये चेस्टर गेला. शेवटचं 'नम्ब' सुरू झालं तेव्हा दिवा मालवला आणि तशीच पडून राहिले.