काथवटीला पडलेली चीर

गेल्या वैशाखातली गोष्ट. न्यायालयाला उन्हाळ्याची सुटी लागली होती, म्हणून आम्ही भरदुपारी घरी होतो. भोपाळच्या अवधपुरीतले आमचे घर पश्चिमाभिमुख. तीन वाजता दिवाणखान्याच्या भिंतीला हात लावला तर ती तव्यासारखी लागते. जेवण आटोपून आम्ही जरा कलंडलो होतो, तोच बाहेरून 'कट्' असा कोरडा आवाज आला. अडकित्त्यात सुपारी फुटावी तसा. उठून पाहिले तर काचेच्या कपाटात, मुद्दाम बसवून घेतलेल्या दिव्याखाली, उभी करून ठेवलेली आईची काथवट काठापासून जवळजवळ मध्यापर्यंत चिरली होती.

आमच्या तरुण वाचकांपैकी काहींनी काथवट पाहिलीही नसेल. एकाच लाकडातून कोरून काढलेले ते पसरट, उथळ पात्र; पीठ मळावयाचे, भाकरी थापावयाची. आईची काथवट फणसाची होती. फोंडे महालातल्या तिच्या माहेरी परसातला एक जुना फणस पावसात आडवा झाला, तेव्हा गावच्या मेस्ताने त्याच्या बुंध्यातून ती काढून दिली. फणसाचे लाकूड नवे असताना हळदीसारखे पिवळे असते आणि वर्षे जातील तसे मधासारखे, पुढे काकवीसारखे गडद होत जाते. १९७६ साली आई लग्न होऊन निघाली तेव्हा ट्रंकेत लुगड्यांच्या खाली ही काथवट आणि करवंटीचे दोन दवले होते. मडगावहून मीटर गेजची गाडी, मिरजेस बदली, मग पुणे, कल्याण, भुसावळ, इटारसी करीत ती भोपाळास उतरली. वडील हेवी इलेक्ट्रिकल्सच्या कारखान्यात होते. त्याचे 'भेल'मध्ये विलीनीकरण होऊन तेव्हा दोनच वर्षे झाली होती. पिपलानीच्या क्वार्टरमध्ये आईने चूल मांडली. तांदळाच्या भाकरीची जागा सिहोरच्या शरबती गव्हाने घेतली, परंतु काथवट तीच राहिली. चाळीस उन्हाळे तिने त्या क्वार्टरच्या पत्र्याच्या छपराखाली काढले, आणि चाळीस उन्हाळ्यांत तिला केसभर तडा गेला नाही.

मग ती आताच का चिरली? प्रश्न पडला की कागद चाळावयाचे, ही वकिलाची खोड. ती घरातही सुटत नाही.

भारतरत्न पां. वा. काणे हे मुंबई उच्च न्यायालयातले वकील आणि आमच्याच कोकणचे. त्यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासाचा चौथा खंड १९५३ साली निघाला, आणि त्यात शुद्धीचे प्रकरण आहे. ते धरून आम्ही मूळ स्मृतींकडे वळलो. मनूच्या पाचव्या अध्यायात सोने कशाने शुद्ध होते, तांबे कशाने, मातीचे भांडे कशाने, याची सविस्तर व्यवस्था आहे. तीत लाकडी वस्तूंना 'तक्षण' सांगितले आहे, म्हणजे तासणे. वरचा थर काढून टाकला की आतले लाकूड पुन्हा स्वच्छ. याज्ञवल्क्यानेही लाकूड, शिंग आणि हाड यांना हाच नियम लावला आहे. पण फळापासून झालेल्या पात्रांसाठी त्याचा नियम निराळा: ती गाईच्या शेपटीच्या केसांनी घासावी. करवंटीचा दवला ह्या कलमाखाली येतो, हे वाचून आम्हांस कोण आनंद झाला! दोन हजार वर्षांच्या आसपासच्या कायद्यात आपल्या स्वयंपाकघरातला दवला सापडावा, हे भाग्य प्रत्येक अशिलाच्या वाट्याला येत नाही.

यज्ञपात्रांची गोष्ट आणखी वेगळी. जुहू पळसाची, उपभृत् पिंपळाची, ध्रुवा विकंकताची आणि स्रुव खैराचा, अशी प्रत्येकाची जात ठरलेली. तुपाने माखणारे स्रुक-स्रुव ऊन पाण्याने शुद्ध होतात, आणि यज्ञकर्म चालू असताना पात्रे पुसावयाची ती हाताने, असे मनू सांगतो. घासणी नाही, राख नाही, हात. अग्निहोत्र्याने देह ठेवला म्हणजे हीच लाकडी पात्रे त्याच्या अंगाअंगावर मांडून त्याच्यासह दहन करावयाची. जन्मभर ज्या हाताने धरली त्या हाताबरोबर ती जात. ती कपाटात मांडून ठेवावी, असे मात्र आम्हांस कोठे आढळले नाही.

येथे आमच्या अपराधाची कबुली देणे प्राप्त आहे.

२०१६ साली वडील गेल्यानंतर आम्ही अवधपुरीतल्या ह्या घरात आलो. नवे स्वयंपाकघर नव्या पद्धतीने सजले. ग्रॅनाइटचा ओटा आला, कणीक मळण्याचे यंत्र आले. "आई, आता तू स्वस्थ बैस. जन्मभर राबलीस," असे आम्ही मोठ्या प्रेमाने म्हणालो. आई बसली. काथवटीलाही निवृत्ती द्यावी, दिवाणखान्यात मांडावी, येणाऱ्याजाणाऱ्याने पाहावी, असे आमच्या मनात आले. एका रविवारी आम्ही ती टबात घातली, भांड्यांच्या पावडरीने फेस येईपर्यंत घासली, तासभर ऊन पाण्यात भिजू दिली आणि गच्चीवर दिवसभर कडक उन्हात वाळवली. आई जिन्याच्या तोंडाशी उभी होती. "वोतांत दवरूं नाका, पुता," एवढेच म्हणाली. दिवसभर साक्षीदारांचा शब्दन् शब्द टिपून घेणारे आम्ही. पण घरच्या साक्षीदाराचे विधान कानाआड केले. काथवट फिकट आणि स्वच्छ दिसू लागली. आम्हांस वाटले, उजळली. वस्तुतः तिच्या अंगात चाळीस वर्षे मुरलेले तेल आम्ही काढून घेतले होते.

लाकडाचा स्वभाव जाणत्यांनी सांगून ठेवला आहे. ते तोडले, कोरले, तरी हवेशी त्याचे देणेघेणे चालूच असते. हवा दमट झाली की ते ओल घेते आणि फुगते, कोरडी झाली की सोडते आणि आक्रसते. हे आक्रसणेही सर्व बाजूंनी सारखे नसते. धाग्याच्या लांबीत ते जवळजवळ नसतेच. वर्षवलयांच्या वळणाने मात्र, गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या दिशेच्या साधारण दुप्पट असते. एक बाजू अधिक ओढते, दुसरी कमी. ताण सोसेनासा झाला की लाकूड चिरते, आणि बहुधा जेथे धागे कापलेले असतात त्या टोकाकडून. गोव्यातली हवा उन्हाळ्यातही दमट. भोपाळात वैशाखाच्या दुपारी हवेतली आर्द्रता वीस-पंचवीस टक्क्यांवर येते, आणि आषाढ-श्रावणात ऐंशीच्या वर जाते. पिपलानीत आईच्या हाताखाली काथवटीला रोज थोडे पाणी, थोडे तेल आणि मळणाऱ्या तळव्याची ऊब मिळत होती. हवेतला फरक तिच्या अंगी सावकाश उतरे. इकडे आम्ही तिला तेल काढून, तापल्या भिंतीला टेकवून, वरून दिवा लावून आठ-नऊ उन्हाळे ठेवली. ती इतके दिवस टिकली हेच आश्चर्य.

ती चिरली त्या दुपारी आई उठून आली. तिने कपाट उघडले, चिरेवरून एकदा बोट फिरवले. "सुकलें," म्हणाली आणि आपल्या खोलीत जाऊन खिडकीशी बसली. तिने दोन शब्द रागाने बोलावे म्हणून आम्ही वाट पाहिली. ती बोलली नाही. पाठमोरी बसलेली आई त्या दिवशी आम्हांस फार बारीक दिसली. रात्री आमची सौ. म्हणाली, "आई गेले वर्षभर अर्धीच पोळी खातात, तुमच्या लक्षात आले आहे का?" आमच्या लक्षात आले नव्हते.

दुसऱ्याच आठवड्यात आम्ही काथवट कापडात गुंडाळून बुधनीस गेलो. भोपाळपासून सत्तरेक किलोमीटरवर, नर्मदेच्या उत्तर तीरावरचे हे गाव, सिहोर जिल्ह्यातले. सावंतवाडीची चितारआळी जशी लाकडी खेळण्यांची आणि फळांची, तशी बुधनी खरादावर उतरवलेल्या आणि लाखेने रंगवलेल्या खेळण्यांची. तेथे 'दूधी'चे पांढरे, मऊ लाकूड वापरतात. आपल्याकडे त्या झाडाला काळा कुडा म्हणतात. फिरत्या खरादावर लाखेची कांडी टेकवली की घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून लाकडावर चढते, ते पाहात तास निघून जावा. लाखेने किंवा एखाद्या सरसाने चीर बुजवून मिळेल, अशी आमची अटकळ होती. एका वृद्ध कारागिराने काथवट उलटसुलट केली, टिचकी मारून ऐकली आणि परत केली. "अभी मत भरिए, साहब. बारिश आने दीजिए." आम्ही कारण विचारले. उन्हाळ्यात चीर उघडी असते. आता भरली तर पावसात लाकूड फुगेल, त्याला मिटावयास जागा राहणार नाही, आणि भरलेल्या वस्तूवर दाब येऊन दुसरीकडे नवी चीर जाईल. पाऊस लागल्यावर ती आपोआप मिटेल. मग हळूहळू तेल पाजावे. पैसे विचारले तर हसला. आमच्या व्यवसायात 'आज काही करू नका' हा सल्लादेखील फुकट मिळत नाही.

घरी येऊन हे सांगितले, तेव्हा आई प्रथमच खुलली. "तो जाणटा," म्हणाली. मग आषाढाच्या पहिल्या सरीनंतर काथवट तिने आपल्या ताब्यात घेतली, आणि तिच्याबरोबर हळूहळू सगळेच लाकूडसामान: पोळपाट, लाटणे, रवी, दवले.

तिची पद्धत आम्ही पाहात होतो. लाकूड भिजत घालावयाचे नाही, साबण लावावयाचा नाही. पीठ चिकटले असेल तर करवंटीच्या तुकड्याने खरवडावयाचे, चिरेतले हिराने काढावयाचे, ओल्या फडक्याने पुसून लगेच कोरड्याने. मग सावलीत, काठावर उभे, दोन्ही अंगांना वारा लागेल असे ठेवावयाचे. पालथे घातले तर एकच बाजू सुकते आणि पोळपाट वाकतो. वास राहिला तर मीठ आणि लिंबाची फोड. वासाच्या बाबतीत लाकडाला आडपडदा नाही, म्हणून माहेराहून आलेल्या दोन दवल्यांपैकी एक हुमणाचा आणि एक शिवराक. सोमवारी आणि नैवेद्याच्या दिवशी दुसराच बाहेर निघे. पिपलानीत शेजारणीने एकदा त्यांची अदलाबदल केली, तेव्हा आईने श्रीशांतादुर्गेला हात जोडून तो दवला मासळीकडे वर्ग केला आणि माहेरून तिसरा मागवला. धातूच्या पळीपेक्षा दवला का, असे विचाराल तर त्याचा दांडा तापत नाही, आणि तांब्यापितळेच्या भांड्याची कल्हई तो खरवडत नाही. कथील मऊ असते. लोखंडी उलथण्याने ते दोन महिन्यांत निघते. आजच्या काळ्या मुलाम्याच्या तव्यांबरोबर दुकानदार लाकडी चमचा भेट देतात, तोही ह्याच कारणाने.

आमची कन्या विज्ञानाची विद्यार्थिनी. लाकडात जंतू राहतात, असा तिचा आक्षेप. आम्ही तिच्यासमोर पुरावा ठेवला: अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात आक, क्लिव्हर आणि कास्पर यांनी लाकडाच्या आणि प्लॅस्टिकच्या चिरफळ्यांची तुलना केली. १९९४ साली ती प्रसिद्ध झाली. लाकडावर घातलेले जंतू आत शोषले गेले आणि बहुतांशी पुन्हा हाती लागले नाहीत. सुरीचे वळ पडलेले जुने प्लॅस्टिक मात्र हाताने धुऊन निर्जंतुक करणे कठीण गेले. कन्येने निवाडा राखून ठेवला. मात्र लाकूड कोरडे राहिले पाहिजे, ही अट तिने नोंदवली, आणि आजी म्हणते तेही तेच.

तेलावरून थोडा वाद झाला. माहेरी खोबरेल लावीत. पण ते सुकणारे तेल नव्हे. आत मुरते, राहते, आणि येथल्या थंडीत तर बाटलीतच गोठते. जवसाचे तेल हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होते आणि लाकडाच्या छिद्रांत बसते. जवस मध्य प्रदेशात उदंड पिकतो. आम्ही घाणीवरचे कच्चे तेल आणले; रंगवाल्याकडचे उकळलेले तेल अन्नाच्या पात्राला चालत नाही, कारण ते लवकर सुकावे म्हणून त्यात धातूंची संयुगे घालतात. बोटाने थोडेसे चोळावयाचे, तासाभराने उरलेले पुसून घ्यावयाचे, चार-पाच दिवस वाट पाहावयाची, पुन्हा चोळावयाचे. पुसलेली फडकी गोळा करून टाकू नयेत. ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात. आम्ही ती दोरीवर पसरून वाळवीत होतो आणि शेजारी काय म्हणतील याची चिंता करीत होतो. चोळण्याचे काम आईने कोणास दिले नाही. रोज संध्याकाळी ती मांडीवर काथवट घेऊन बसे, आणि बोलत असे: मेस्ताबद्दल, फणसाबद्दल, ज्या वर्षी तो पडला त्या वर्षीच्या पावसाबद्दल. आम्ही ऐकत असू. ह्यातले निम्मेअधिक आम्हांस ठाऊक नव्हते.

श्रावण सरता सरता चीर मिटली. नाहीशी झाली नाही. काळी, केसासारखी रेघ राहिली आहे, आणि येत्या वैशाखात ती पुन्हा थोडी उघडेल, असे आई सांगते. काचेचे कपाट आम्ही खटल्यांच्या बांधिल्यांना दिले.

चवथीच्या आदल्या दिवशी नेवऱ्यांचे पीठ भिजवावयाचे होते. सौ. यंत्राकडे वळली, तोच आई आत आली, काथवट ओट्यावर न ठेवता खाली पाटासमोर मांडली, आणि बसली. सत्तरीच्या गुडघ्यांना ते बसणे सोपे नव्हते. "आई, आम्ही मळतो, तू सांग," असे म्हणत आम्ही पुढे झालो.

"कुशीक सर, पुता," आई म्हणाली. तिने मोहन घातले, दूध शिंपडले आणि दोन्ही तळव्यांनी पीठ ओढून घेतले. त्या संध्याकाळी तिने दोन नेवऱ्या खाल्ल्या, तिसरीही मागून घेतली. मग काथवट आमच्या हाती देऊन म्हणाली, "पुसून काड. उदक चड नाका." आम्ही पुसली, आणि उत्तरेच्या भिंतीला काठावर उभी करून ठेवली.